मुंबई–लंडन: अपग्रेड खुर्चीचं झालं, तिकिटाचं नाही

आधी निकाल सांगते. मुंबई–लंडन थेट विमान, मूळ तिकीट इकॉनॉमीचं, जाताना बोली लावून बिझनेस. खुर्ची पूर्ण आडवी झाली, नवऱ्याची कंबर धरली नाही, आणि पहाटे दोनला सुटलेल्या विमानात मला अशी झोप लागली की नाश्त्यालाच उठवलं. तरीही असं करू का विचाराल तर, आमच्या भावात तरी, नाही.

वेब चेक-इन, व्हिसा, केबिन बॅगेचं माप हे तुम्हाला येतंच असं धरून पुढचं लिहिते.

तिकीट काढल्यावर महिनाभराने ईमेल आली: ‘बिझनेस क्लासचा अनुभव घ्या, तुमची किंमत तुम्हीच ठरवा.’ आत एक काटा असतो, लाल ते हिरवा. रक्कम वाढवली की काटा हिरव्याकडे सरकतो आणि तुमची बोली भक्कम असल्याचं सांगतो. बऱ्याच विमान कंपन्यांसाठी हे दुकान माँट्रियलची प्लसग्रेड नावाची कंपनी चालवते, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, पान साधारण सारखंच दिसतं. काट्याचं फार मनावर घेऊ नका. बिझनेसमध्ये किती खुर्च्या रिकाम्या आहेत, हे तो सांगत नाही.

रक्कम माणशी आणि एका उड्डाणापुरती असते. आमची बोली ७८ हजार, म्हणजे दोघांचे १ लाख ५६ हजार, तेही फक्त जातानाचे. बोली मंजूर होईपर्यंत ती बदलता येते, मागे घेता येते. मंजूर झाली की कार्डातून पैसे गेले, आणि ते सहसा परत मिळत नाहीत.

मंजुरीची ईमेल निघायच्या दोन दिवस आधी आली. ‘अभिनंदन, तुम्ही बिझनेस क्लासने प्रवास करत आहात.’ बिझनेस म्हटलं की ३२ किलोच्या दोन बॅगा, असं कोणीही समजेल. एडिंबरोला भाचीचं नवं घर. तिच्यासाठी भाजणी, मेतकूट, आणि आईने हट्टाने दिलेला बिडाचा तवा. एक बॅग २९ किलो भरली, दुसरी २८.

मुंबईच्या टर्मिनल २ वर बिझनेसच्या रांगेत उभे राहिलो. रांग नव्हतीच, कौतुक वाटलं. काउंटरवरच्या मुलीने बॅगा काट्यावर ठेवल्या, पडद्याकडे पाहिलं आणि आमचं बोलणं ऐकून मराठीतच म्हणाली, “काकू, तुमची मर्यादा माणशी एक बॅग, २३ किलो.”

“अगं, पण बिझनेस आहे ना आमचं?”

“सीट बिझनेसची आहे. तिकीट इकॉनॉमीचंच आहे.”

पुढची वीस मिनिटं मी तिच्याशी, मग तिच्या सुपरवायझरशी वाद घातला. अभिनंदनाची ईमेल दाखवली. त्याने शांतपणे त्याच ईमेलच्या तळाची फिकट राखाडी ओळ दाखवली: सामान, माइल्स आणि रद्द करण्याचे नियम मूळ तिकिटाप्रमाणे. अक्षरं एवढी बारीक की नवऱ्याने चष्मा काढून फोन नाकाला लावला. जादा वजनाचे साडेतेरा हजार भरले. तवा परत न्यायला घरचं कोणी थांबलेलं नव्हतं, नाहीतर तो तिथूनच ठाण्याला गेला असता. त्या तव्याला आता भाचीकडे ‘बिझनेस क्लास तवा’ म्हणतात.

तेवढ्यावर भागलं नाही. आधी आम्ही पाय पसरायला जागा असलेल्या इकॉनॉमीच्या खुर्च्या माणशी साडेसात हजार देऊन राखल्या होत्या. अपग्रेड झाल्यावर ते पैसे बुडाले. माइल्स, म्हणजे प्रवासावर जमा होणारे पॉइंट्स, तेही इकॉनॉमीच्या स्वस्त दराचे जमा झाले.

आता हिशेब पाहा. जाण्यायेण्याचं इकॉनॉमीचं तिकीट माणशी ७२ हजार, म्हणजे एका बाजूचे ३६ धरू. त्यात ७८ हजार बोली, बुडालेले साडेसात, सामानाचे पावणेसात. एका बाजूचे सव्वा लाखाच्या वर गेले. तिकीट काढताना त्याच विमानाचं खरं बिझनेस जाऊनयेऊन २ लाख ४५ हजार दाखवत होतं. त्याच्या निम्म्यापेक्षा आमची एक बाजू महाग पडली, आणि खरं बिझनेस काढणाऱ्यांकडे बॅगा, माइल्स आणि बदलाचे नियम बिझनेसचे. बोली लावायची असेल तर आधी त्याच दिवशीचं खरं भाडं बघा. एका बाजूच्या भाड्यातल्या फरकाच्या निम्म्याहून जास्त बोली जात असेल तर पान बंद करा.

लाउंजमध्ये मात्र सोडलं. पण हेही गृहीत धरू नका. एमिरेट्सने २०१९ मध्ये आणि कतार एअरवेजने २०२० मध्ये बिझनेसचीच अशी स्वस्त भाडी आणली की ज्यात लाउंज नाही. म्हणजे आता पूर्ण पैसे भरून काढलेलं बिझनेसही एकाच जातीचं राहिलेलं नाही. तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं: जे, सी, डी, आय, झेड ही साधारणपणे बिझनेसची, डब्ल्यू बहुतेकदा प्रीमियम इकॉनॉमीचं, वाय पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीचं. जे सहसा सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत लवचिक. अक्षरांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, म्हणून एजंटला ‘बिझनेस आहे ना’ असं विचारू नका. अक्षर विचारा आणि त्या अक्षराचे फेअर रूल्स, म्हणजे भाड्याचे नियम, मागून घ्या.

स्कॉटलंड छान आहे. पाऊस होता.

परतीच्या वेळी चेक-इन करताना ॲपने पुन्हा गळ टाकला, या वेळी बोली नाही, ठरावीक रक्कम, पौंडात. पहिल्या पानावरचा आकडा मोहात पाडणारा होता. शेवटच्या पानावर माणशी १४२ पौंड वाढले. ही कंपनीची लबाडी नाही, ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर आहे. भारतासाठी एप्रिल २०२६ पासून सर्वांत खालच्या वर्गाला १०२ पौंड आणि वरच्या वर्गांना २४४. प्रीमियम इकॉनॉमीलाही २४४च. लबाडी एवढीच की पहिल्या पानावर ते सांगत नाहीत. मुलं बरोबर असतील तर आणखी जपा: १६ वर्षांखालच्या मुलांना हा कर माफ आहे, पण फक्त सर्वांत खालच्या वर्गात. मुलाला वर नेलंत की त्याचेही २४४. वर पौंडातल्या व्यवहारावर कार्डाचा परकीय चलनाचा आकार. आम्ही इकॉनॉमीतच बसलो, झोप आली नाही, आणि ही सगळी चिडचिड त्या रात्रीची आहे.

आपल्याकडेही २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या सगळ्या वर्गांवर १८ टक्के आहे, आधी १२ होता. बोलीच्या रकमेत तो धरलाय की नाही, हे मंजुरीआधी बघून ठेवा.

युरोपात विमान बदलून जाणाऱ्यांना एकच सांगणं: बोली फक्त लांबच्या टप्प्यावर लावा. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसहून पुढच्या छोट्या उड्डाणात बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच खुर्ची, मधली रिकामी ठेवलेली. आणि लांबच्या टप्प्यालाही सीट मॅप बघा. एका ओळीत खुर्च्या १-२-१ असतील (मध्ये दोन वाटा) तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. बोइंग ७७७ मध्ये काही ठिकाणी अजून २-३-२ आहे. त्यात मधली खुर्ची मिळाली तर एवढे पैसे मोजूनही रात्री शेजाऱ्याला ओलांडून जायचं.

विमान बदललं आणि तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं तर काउंटरवर व्हाउचर पुढे केलं जाईल. लगेच घेऊ नका. डीजीसीए, म्हणजे आपल्याकडची विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था, तिच्या फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमाने आंतरराष्ट्रीय उड्डाणावर अंतराप्रमाणे तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम करांसह परत मिळते. ३,५०० किलोमीटरच्या पुढे ७५, आणि मुंबई–लंडन त्याच्या दुप्पट आहे. ब्रिटन आणि युरोपच्या नियमांतही हीच टक्केवारी आहे. मात्र बोलीने वर गेलेल्यांना कंपनी बहुधा ऐकवेल की तुमचं तिकीट इकॉनॉमीचंच होतं, बोलीचे पैसे परत घ्या आणि विषय संपवा. त्यासाठी मंजुरीची ईमेल आणि बिझनेस छापलेला पहिला बोर्डिंग पास, दोन्हींचा फोटो फोनमध्ये हवा. नवा पास देताना जुना काढून घेतात.