मार्गळीच्या हंगामात चेन्नईला : दहा दिवसांचा वृत्तांत

तमिळ पंचांगातला मार्गळी महिना १६ डिसेंबरच्या सुमारास लागतो आणि जानेवारीच्या मध्यावर, पोंगलच्या तोंडाशी संपतो. या दिवसांत चेन्नईत कर्नाटक संगीताचा आणि नृत्याचा जो हंगाम भरतो, तो ऐकायला मी आणि माझी थोरली बहीण गेल्या डिसेंबरात दहा दिवस जाऊन आलो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सवय असलेल्या माणसाला पहिले दोन दिवस तिथे काही सुधरत नाही, कारण इथे एक मंडप नाही, एक आयोजक नाही आणि एक कार्यक्रमपत्रिकाही नाही. वर्गणीदार सभासदांच्या बळावर चालणाऱ्या अनेक संस्था, ज्यांना तिकडे ‘सभा’ म्हणतात, एकाच वेळी आपापले महोत्सव भरवतात आणि सकाळपासून रात्री नऊ-साडेनऊपर्यंत शहरात कुठे ना कुठे तंबोरा लागलेला असतो.

या सगळ्याचे मूळ १९२७ सालच्या मद्रास काँग्रेस अधिवेशनात आहे. अधिवेशनाला जोडून एक संगीत परिषद झाली, तिच्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली, आणि तिची वार्षिक परिषद डिसेंबरात भरू लागल्यावर इतर सभांनीही हाच काळ धरला. आज अकॅडमीचा महोत्सव १५ डिसेंबर ते १ जानेवारी असा चालतो. बाकीच्यांच्या तारखा मागेपुढे असतात. त्यामुळे जाणाऱ्याने २० ते ३० डिसेंबर हे दिवस धरावेत, असे मी सुचवेन.

राहण्याची सोय मात्र मायलापूर किंवा आळवारपेट भागातच पाहावी आणि ती दोन-तीन महिने आधी करावी. आम्ही स्वस्त पडते म्हणून पहिले दोन दिवस बरेच दूर राहिलो आणि रोज येण्याजाण्यातच इतके थकलो, की शेवटी ठरवलेली खोली सोडून मायलापुरात आलो. नारद गान सभा, म्युझिक अकॅडमी, मायलापूर फाइन आर्ट्स क्लब, भारतीय विद्या भवन ही ठिकाणे एकमेकांपासून चालत किंवा रिक्षाने थोड्या अंतरावर आहेत. कृष्ण गान सभा आणि वाणी महाल टी. नगरला आहेत, तिकडे जायचे तर तो दिवस तिकडेच काढावा. आम्ही होतो तेव्हा मेट्रोच्या कामासाठी रस्ते खणलेले होते, म्हणून रिक्षावाल्याला हातात अर्धा तास जास्तीचा ठेवूनच बोलवावे लागे. पाऊसही अधूनमधून येतो, छत्री हवीच. सभागृहे वातानुकूलित आणि चांगलीच गार असतात, तेव्हा बाहेर घाम येत असला तरी शाल जवळ ठेवावी.

तिकिटांविषयी नीट सांगायला हवे. नावाजलेल्या कलाकारांच्या संध्याकाळच्या मैफिलींना तिकीट असते आणि पुढच्या रांगा सभासदांसाठी राखलेल्या असतात. एका सभेत आम्ही दुपारी चारला खिडकीपाशी पोहोचलो, तर सगळी तिकिटे सकाळीच संपल्याचे कळले. ताई त्या गायिकेसाठीच एवढ्या लांब आली होती, आणि तिचा उतरलेला चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून ज्या दोन-तीन मैफिली चुकवायच्याच नाहीत, त्यांची तिकिटे आधी काढावीत, किंवा त्या दिवशी खिडकी उघडण्याआधी सकाळीच रांगेत उभे राहावे.

पण मनापासून सांगायचे ते वेगळेच आहे. बहुतेक सभांमध्ये दुपारच्या मैफिली विनामूल्य असतात, त्या तरुण कलाकारांच्या असतात, आणि आमच्या दहा दिवसांतले सर्वांत चांगले गाणे आम्ही तिथे ऐकले. एका दुपारी दोनच्या मैफिलीला मोजून तेवीस श्रोते होते. गायिका विशीच्या आतबाहेरची. तिच्या उजव्या हाताला बसलेल्या मृदंगवादकाने डाव्या तोंडावर रव्याचा ओला गोळा थापला, उजव्या तोंडाच्या कडेवर दगडाने हलके ठोके देत स्वर मिळवला, आणि षड्ज जुळल्याबरोबर तिने मान न वळवताच किंचित हसून वर्णम, म्हणजे मैफिलीच्या आरंभी गातात ती रचना, सुरू केले. आमच्या शेजारी बसलेल्या आजींनी माझा हात चुकतो आहे हे पाहिले आणि काही न बोलता माझ्या गुडघ्यावर आदितालाचे हात दाखवले: एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, मग थाप आणि उताणा हात, पुन्हा थाप आणि उताणा हात. या आठ मात्रा हाताशी आल्या की कर्नाटक संगीत परके वाटत नाही. नव्याने जाणाऱ्या प्रत्येकाने हे घरीच गिरवून जावे.

मैफील अडीच तासांच्या आसपास चालते. मध्यावरच्या मोठ्या रचनेनंतर तालवाद्यांचे स्वतंत्र वादन, म्हणजे ‘तनी आवर्तनम’, येते, आणि नेमके तेव्हाच कितीतरी लोक उठून कॅण्टीनकडे जातात. हे मला फार खटकले. मृदंग आणि घटम (मातीचा घट) यांची ती पंधरा मिनिटे हा त्या मैफिलीचा गाभा असतो. कृपा करून बसून राहावे. कॅण्टीन त्यानंतरही उघडेच असते, आणि तिकीट नसलेल्यालाही तिथे जेवता येते. दुपारी केळीच्या पानावरचे जेवण, चारनंतर अडै-अवियल (डाळ-तांदळाचा जाड डोसा आणि मिश्र भाजी), कीरै वडै (पालेभाजीचा वडा) आणि ‘डबरा’ नावाच्या पसरट वाटीत ओतून गार करत प्यायची फिल्टर कॉफी, एवढ्यावर आमचे दिवस अगदी उत्तम गेले. सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

एक पहाट राखून ठेवावी. साडेपाचच्या आधी मायलापुरातल्या कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवर, म्हणजे माडवीथींवर, पोहोचलो, तर दारोदारी तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे कोलम, चाललेली होती आणि भजन करणारी मंडळी अनवाणी फेरी घालत होती. संत कवयित्री आंडाळच्या तिरुप्पावै या काव्याची तीस पदे महिन्याच्या तीस दिवसांत रोज एक अशी म्हणतात. रचनाकार पापनासम शिवन यांनी अनेक वर्षे याच रस्त्यांवरून अशी भजनाची फेरी नेली. आपल्या काकड आरतीची आठवण मला तिथे आल्याशिवाय राहिली नाही.

मराठी माणसाला हंगामात आणखी एक धागा सापडतो. मैफिलीच्या शेवटी छोट्या रचना गातात, त्यांत अभंग आता नेहमीचा झाला आहे. कर्नाटक गायिका अरुणा साईराम यांच्या गाण्याने तो घरोघरी पोहोचला. पण त्याची वाट जुनी आहे. तंजावरच्या मराठी राजवटीत मराठी कीर्तन तिकडे रुजले, तिथल्या हरिकथेने साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद उचलले. दुपारच्या त्या मुलीनेही शेवटी नामदेवांचा अभंग घेतला. उच्चार तमिळ वळणाचे होते, पण ‘विठ्ठल’ म्हणताना शेजारच्या आजींनी हात जोडले. आम्ही पुण्याहून आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी आम्हांला पंढरपूर किती लांब आहे ते विचारले.

नृत्याची ओढ असलेल्यांनी मात्र आमच्यासारखे ३० तारखेला परतू नये. अकॅडमीचा नृत्य महोत्सव जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतो. तिरुवान्मियूरला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी स्थापन केलेल्या कलाक्षेत्र या नृत्य-संगीत संस्थेचा महोत्सव डिसेंबरच्या शेवटाकडे भरतो. तिथे जायचे तर दिवस मावळायच्या आधी पोहोचून झाडांतून एक फेरी मारावी आणि मग सभागृहात शिरावे.