फुलांची दरी : घांघरियाहून दिवसभराची पायपीट

मुंबईहून रेल्वेने हरिद्वार, तिथून जोशीमठमार्गे गोविंदघाटापर्यंत दिवसभराचा गाडीरस्ता, मग जीपने पुलना आणि पुढे दहाएक किलोमीटर चढून घांघरिया, म्हणजे दरीआधीचं मुक्कामाचं गाव. एवढं करून आलेले कित्येक जण उत्तराखंडातल्या या फुलांच्या दरीत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) दोन तास फोटो काढतात आणि मागे फिरतात. कृपा करून तसं करू नका. घांघरियाहूनच वर असलेल्या हेमकुंड या शीख तीर्थाला वेगळा दिवस द्या आणि हा दिवस फक्त दरीचा ठेवा.

आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीला गेलो. दरी म्हणजे राष्ट्रीय उद्यानच, ते १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण फुलं पाहायची तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य. जूनमध्ये वाटेवर बर्फ असतो, फुलं कमी. सकाळी सातला फाटकावर हजर राहा. दुपारनंतर आत सोडत नाहीत, मुक्कामाला परवानगी नाही.

पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की खडा चढ आहे. तो दमवतो. भूर्जवृक्ष संपले की बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, सुरू होतात. जवळजवळ साडेतीन हजार मीटरवर आपल्या ओळखीच्या तेरड्याचे हिमालयातले भाऊबंद पुरुषभर उंच वाढलेले, गुलाबी, पाण्याने निथळणारे! खडकांच्या कपारीत निळी खसखस (ब्लू पॉपी हे फूल) शोधावी लागते. हळू चाललात तरच दिसते. वर्षातले कितीतरी महिने ही जमीन बर्फाखाली असते, त्यामुळे उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं या थोड्या दिवसांत उरकायचं. म्हणून फुलांची एवढी गर्दी.

जोन मार्गारेट लेग या वनस्पती-अभ्यासक बाईंचा १९३९ मध्ये इथेच कडा चढताना मृत्यू झाला. त्यांच्या समाधीपाशी बहुतेकजण थांबतात. तुम्ही पुढे नदीच्या पात्रापर्यंत जा. ढग हटले तर टिप्रा हिमनदीकडचा दरीचा माथा दिसतो, आणि ही रुंद दरी बर्फानेच कोरली हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

सह्याद्रीतल्या पावसाची सवय इथे पुरत नाही. तिथे भिजून चालतं, इथे भिजलात तर हुडहुडी भरते. जीन्स नको, पोंचो, लोकरीचा थर आणि कोरडे मोजे पिशवीत बांधून न्या. आत खायला काही मिळत नाही, डबा घांघरियातूनच घ्या आणि कचरा परत आणा. फोटोसाठी पायवाट सोडू नका, कासला सांगतात तेच इथेही.