नागाओकाचं दारूकाम: अण्णा, मी आणि ट्रायपॉड

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं, कवठे एकंद तिथून जवळच, त्यामुळे दसऱ्याला सोनं वाटून झालं की रात्री कवठे एकंदला दारूकाम बघायला जायचं हे आमच्या घरी ठरलेलंच. सिद्धराजाची पालखी निघते आणि शोभेच्या दारूची आतषबाजी रात्रभर चालते, दारू ठासलेले लाकडी औट उडतात, धुरात समोरचा माणूस दिसत नाही, आणि मी अण्णांच्या खांद्यावर बसून ते बघितलेलं आहे. आता मी टोकियोत निशी-कासाईला राहतो, सहा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात अण्णा पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा माझ्या डोक्यात फुजी, क्योतो वगैरे नंतर होतं, सगळ्यात आधी होतं नागाओका.

नागाओका हे नीगाता प्रांतातलं शहर, आणि तिथे दरवर्षी २ आणि ३ ऑगस्टला शिनानो नदीच्या काठी दारूकाम होतं. वार कुठलाही असो, तारीख बदलत नाही. कारण १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास अमेरिकन बी-२९ विमानांनी या शहरावर आगीचे बॉम्ब टाकले, बहुतेक सगळं शहर जळालं, सुमारे १,५०० माणसं गेली. पुढच्याच वर्षी लोकांनी शहर पुन्हा उभं करायचं म्हणून उत्सव सुरू केला आणि १९४७ पासून त्यात पुन्हा दारूकाम आलं. अजूनही १ तारखेला रात्री साडेदहाला, म्हणजे विमानं आली त्याच वेळेला, पांढरे गोळे सोडतात आणि देवळांतल्या घंटा वाजवतात. हे मी अण्णांना शिनकान्सेनमध्ये, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये सांगितलं, टोकियोहून साधारण पावणेदोन तास लागतात, मध्ये दाइशिमिझुचा बावीस किलोमीटरचा बोगदा येतो आणि तो संपला की दोन्ही बाजूंना हिरवीगार भातशेती सुरू होते. अण्णा खिडकीतून भात बघत होते, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजे हे श्राद्धच की रे."

मला वाटतं फोटोच्या तयारीची सुरुवात इथूनच होते. आपण कशाचा फोटो काढतोय, कुठल्या गोळ्यामागे काय आहे, कुठला किती वाजता आहे, हे माहीत नसेल तर रात्रभर बटण दाबून घरी चारशे सारखे फोटो येतात. कार्यक्रमाची छापील पत्रिका मिळते, तिच्यात प्रत्येक दारूकामाचा क्रम आणि गोळ्याचा आकार दिलेला असतो. मी ती आदल्या रात्री बसून मराठीत उतरवून काढली होती आणि प्रत्येकापुढे लेन्स आणि सेटिंग पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. अंधारात मोबाइल उघडून बघायला लागू नये एवढ्यासाठी, मोबाइलचा उजेड डोळ्यावर पडला की नंतर थोडा वेळ कॅमेऱ्यावरची बटणंसुद्धा नीट दिसत नाहीत.

पहिल्या वर्षी मी एकटाच गेलो होतो आणि माझे सगळ्यात महत्त्वाचे फोटो गेले, ते सांगतो कारण ही चूक खूप जण करतात. कॅमेऱ्यात लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन म्हणून एक सेटिंग असतं, ते चालू असेल तर तुम्ही सहा सेकंदांचा फोटो काढला की कॅमेरा पुढचे सहा सेकंद आतल्या आत एक काळा फोटो काढत बसतो, तेवढा वेळ बटण दाबलं तरी काही होत नाही. समोर आकाश पेटलंय आणि कॅमेरा गप्प. ते बंद करा, आधी घरीच बंद करा. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझर, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय, तीही बंद, फ्लॅश बंद, आणि फोकससाठी जो लाल दिवा लागतो तोही बंद, शेजारच्याच्या फोटोत येतो.

नागाओकात ट्रायपॉड कुठेही लावता येत नाही. जागेला तिकीट असतं, फोटोवाल्यांसाठी वेगळी जागा असते, आणि तिकिटं आधीच लॉटरीने दिली जातात. मला दोन मिळाली हे नशीबच. हॉटेल मात्र त्या दोन दिवसांत नागाओकात मिळणं जवळपास अशक्य, आम्ही नीगाता शहरात उतरलो, शिनकान्सेनने वीसेक मिनिटं. दुपारी तिथे हेगी सोबा खाल्ला, त्या भागातला थंड सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, पिठात एक समुद्री शेवाळ घालतात त्यामुळे तो जरा चिवट लागतो. अण्णांना तो एवढा आवडला की दुसऱ्यांदा मागवला, मग चार वाजता आम्ही निघालो. नागाओका स्टेशनपासून नदी चालत अर्ध्या तासावर आहे आणि त्या दिवशी सगळं गावच नदीकडे चाललेलं असतं, कुणी युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो घातलेला, कुणाच्या हातात पंखे, बर्फाचा गोळा, लहान मुलं खांद्यावर. अण्णा म्हणाले, "जत्रा ती जत्राच."

उजेड असतानाच पोचायचं कारण फोकस. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून लांबच्या पुलावरचा एक दिवा स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस लावायचा आणि लेन्सच्या फोकस रिंगवर चिकटपट्टी मारून टाकायची. लेन्सवर सगळ्यात लांबच्या फोकससाठी अनंताची खूण असते, तिच्यावर विश्वास ठेवू नका, रिंग बऱ्याचदा तिच्याही पुढे फिरते. झूम बदलला तर फोकस पुन्हा तपासायचा. आणि वारा बघायचा, हे मी पहिल्या वर्षी बघितलंच नव्हतं. वारा आपल्याकडून गोळ्यांकडे किंवा आडवा असेल तर धूर निघून जातो, आपल्या तोंडावर असेल तर सगळा धूर फोटोत, आणि अजिबात नसेल तर त्याहून वाईट, धूर तिथेच लोंबकळत राहतो आणि पुढचे गोळे ढगात फुटल्यासारखे दिसतात. म्हणून प्रत्येक भागातल्या पहिल्या दोनतीन गोळ्यांचे फोटो चुकवू नका, आकाश तेव्हाच स्वच्छ असतं.

सव्वासातला आकाश पूर्ण काळं नव्हतं. तिकडे ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य सातच्या जरा आधी मावळतो, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत मागे गडद निळा रंग असतो आणि तो फोटोत फार सुंदर येतो, पण शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर तोच निळा फिका होऊन बसतो. मी आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, एफ १३ (अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), अडीच सेकंद लावून थांबलो. सगळ्यात पहिला असतो शिरागिकू, म्हणजे पांढरी शेवंती. फक्त पांढरे गोळे, सावकाश, एकामागून एक. हा गोळा बनवला सेइजी कासे या नागाओकाच्याच दारूकाम करणाऱ्या कारागिराने, ते युद्धानंतर सैबेरियात कैदेत होते, परत आल्यावर तिथे मेलेल्या सोबत्यांसाठी त्यांनी पांढरं फूल बनवलं, आणि १९९० मध्ये खाबारोव्स्कला जाऊन आमूर नदीवर ते उडवलंही. पहिला गोळा वर गेला तेव्हा एवढ्या गर्दीत कुणी ओरडलं नाही. पांढरं फूल उघडलं आणि आवाज आमच्यापर्यंत नंतर आला, हळूच, छातीत. अण्णा उठून उभे राहिले होते, चपला काढून. मी दोन फ्रेम घेतल्या, तिसरीच्या वेळी हात थरथरत होता पण रिमोट असल्यामुळे फोटो हलला नाही. रिमोट घ्याच, स्वस्तातला वायरचासुद्धा चालतो.

आवाज नंतर येतो यावरून महत्त्वाची गोष्ट. आवाजाला एक किलोमीटर यायला तीनेक सेकंद लागतात, म्हणून आवाज ऐकून शटर उघडायचं ठरवलं तर गोळा फुटून विझत आलेला असतो. डोळ्याने बघायचं, गोळा वर चढताना मागे बारीक रेघ सोडतो, ती दिसली की शटर उघडा, आणि पाकळ्यांची टोकं विझायला लागली की बंद करा. यासाठी बल्ब मोड, म्हणजे बटण धरून ठेवाल तोवर शटर उघडं. साधारण तीन ते सहा सेकंद होतात. मग उजेड कशाने सांभाळायचा, तर अॅपर्चरने. ठिणगी सतत सरकत असते, एका जागी ती क्षणभरच थांबते, त्यामुळे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवलं तरी तिची रेघ उजळ होत नाही, फक्त आणखी गोळे त्याच फोटोत येतात आणि आकाश उजळतं. रेघेचा उजेड अॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं होतं, मला मात्र ते समजायला दोन वर्षं लागली.

रंगांचं म्हणाल तर लाल स्ट्राँशियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा, आणि निळा सगळ्यात अवघड, आच जास्त झाली की तो फिका पडतो, म्हणून मुळात मंदच असतो. त्याला उजळ करायला गेलात की बाकीचे रंग पांढरे होतात. मी निळ्याला थोडं अंधारातच ठेवतो आणि रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, नंतर वर काढतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा किती पिवळट किंवा निळसर दिसावा हे ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, प्रत्येक फोटोत वेगळा रंग येतो, मी ४,००० केल्विनच्या आसपास एकच ठेवतो.

शेजारी एक सत्तरीचे आजोबा होते, त्यांच्याकडे जुना फिल्म कॅमेरा आणि हातात काळा कागद चिकटवलेला पंखा. शटर उघडं ठेवून ते लेन्ससमोर पंखा धरायचे, गोळा फुटला की बाजूला करायचे, पुन्हा झाकायचे, अशा तीन वेगवेगळ्या क्षणांची फुलं एकाच फिल्मवर. मी बघतोय हे बघून त्यांनी पंखा मला दिला आणि खुणेने दाखवलं, लेन्सला टेकवायचा नाही, नाहीतर कॅमेरा हलतो. अण्णांनी त्यांना पिशवीतली आईने दिलेली शेंगदाण्याची चिक्की दिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती पण पुढचा तासभर ते बोलत होते. मला विचाराल तर घरी बसून संगणकावर दहा गोळे एकात चिकटवण्यापेक्षा ही पंख्याची रीत कितीतरी खरी, कारण ती फुलं त्या आकाशात, त्याच जागी उमललेली असतात.

मग सायरन वाजला. तीन शाकूचा गोळा सुटायच्या आधी सायरन वाजतो आणि सगळे गप्प होतात. शाकू म्हणजे साधारण तीस सेंटीमीटर, म्हणजे हा गोळा नव्वद सेंटीमीटर रुंद, वजन तीनशे किलो, सहाशे मीटर वर जातो आणि साडेसहाशे मीटर रुंद फुलतो. आता हिशोब करा, फुलाचं वरचं टोक जमिनीपासून नऊशे मीटरच्या वर. एक किलोमीटरवर बसला असाल तर ३५ मिमी लेन्स उभी धरूनही कडा कापली जाण्याची भीती, २४ मिमी (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद) उभी धरली तर खाली पूल आणि नदीही मावते. पूल हवाच, त्याशिवाय एवढ्या मोठ्या फुलाचा आकार कळत नाही. एफ ११, आणि पाकळ्या खाली लोंबेपर्यंत शटर उघडं, मी आठ सेकंद धरलं. धमाका आला तेव्हा पोटात जाणवला. अण्णा म्हणाले, "आपलं औट अंगावर येतंय, हे आभाळच अंगावर येतंय बघ."

फिनिक्ससाठी मी वर्षभर वाट बघितली होती. २३ ऑक्टोबर २००४ ला इथे मोठा भूकंप झाला, त्यानंतर २००५ पासून हे दारूकाम सुरू झालं, नदीच्या काठाने जवळपास दोन किलोमीटर लांब एकाच वेळी गोळे सुटतात, मध्ये सोनेरी पक्षी उडतात. पहिल्या वर्षी मी याला एफ ११ आणि सहा सेकंद दिले आणि हातात आला फक्त पांढरा पट्टा. एवढे गोळे एकावर एक पडतात तेव्हा वरचा रेघेचा नियम पुरत नाही, एकाच जागेवरून शंभर ठिणग्या जातात. या वेळी १६ मिमी लेन्स आडवी, एफ १६, दीड ते दोन सेकंद, आणि वर आणखी उजेड तोडायला एनडी फिल्टर तयार ठेवला होता पण लागला नाही. एफ १६ ला फोटो जरासा मऊ होतो, पण जळलेल्या पांढऱ्यापेक्षा मऊ बरा. बारा फ्रेम मिळाल्या, त्यातल्या तीन चांगल्या, एकीत पक्ष्याचे पंख पूर्ण उघडलेत आणि खाली नदीत सोनं सांडलंय.

सगळं संपल्यावर कुणी उठत नाही. लोक मोबाइलचे टॉर्च लावून पलीकडच्या काठाकडे हलवतात, तिकडे दिवसभर उन्हात राबलेले दारूकामवाले असतात त्यांच्यासाठी. यासाठी सेटिंग पटकन बदलायला लागतं, आयएसओ ३,२००, मोठं अॅपर्चर, हातात कॅमेरा, मी ते पत्रिकेवर आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून जमलं. थोड्या वेळाने पलीकडून उत्तर आलं, काठावर ओळीने दिवे हलायला लागले.

"त्यांना दिसतंय का रे आपलं?" अण्णांनी विचारलं.

"दिसतंय की अण्णा, ते बघा, ते पण हलवतायत."

अण्णांनी दोन्ही हात वर केले, एका हातात माझा मोबाइल आणि एका हातात स्वतःचा, आणि पलीकडचा शेवटचा दिवा विझेपर्यंत ते हलवत राहिले.