इमेज उडवल्या, तरी डिस्क भरलेलीच
आमचे प्रोग्रॅम डॉकरवर चालतात, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या वेगळ्या डब्यात, कंटेनरमध्ये. मंगळवारी सकाळी डेटाबेसनं लिहिणं बंद केलं. लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये, शेवटची ओळ होती 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. १०० जीबीची डिस्क काठोकाठ भरलेली.

अशा वेळी हात आपसूक 'डॉकर सिस्टिम प्रून' या साफसफाईच्या कमांडकडे जातो. मी तो मुद्दाम आवरला, कारण ही कमांड थांबलेले कंटेनरही काढून टाकते आणि आमचा एक कंटेनर महिनाभर थांबलेलाच असतो. म्हणून आधी जागेचा हिशेब देणारं 'डॉकर सिस्टिम डीएफ' चालवलं. इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) १४ जीबी, कंटेनर १, व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा टिकवून ठेवायची जागा) ८, बिल्ड कॅश (इमेज बनवताना साठवलेले तुकडे) १९. कॅश बिनधास्त काढावी, फार तर पुढचं बिल्ड जरा रेंगाळतं. ती काढणाऱ्या 'बिल्डर प्रून'ला २४० तासांहून जुनंच काढण्याचा फिल्टर लावला आणि १४ जीबी सुटले. मग 'इमेज प्रून'. नुसतं चालवलं तर ते फक्त बिनटॅगच्या इमेज काढतं. 'ए' हा पर्याय जोडला, की कुठल्याच कंटेनरला न लागणाऱ्या सगळ्या जातात. तिथे ९ जीबी मिळाले.

पण हिशेब जुळेना. डॉकरच्या म्हणण्यानुसार आता त्याचे १९ जीबी, ऑपरेटिंग सिस्टिमचे १२, आणि डिस्कवर मात्र ७७ वापरात! उरलेले ४६ गेले कुठे?

डॉकर आपला पसारा ठेवतो त्या व्हार-लिब-डॉकरमधल्या कंटेनर्स फोल्डरवर, आकार मोजणारं 'डीयू' चालवलं आणि सापडलं. चौसष्ट अक्षरी आयडीच्या एका फोल्डरात एकच जेसन लॉग फाइल, ४६ जीबीची. रांगेतली कामं उपसणाऱ्या आमच्या वर्कर प्रोग्रॅमचं डीबग लॉगिंग (चुका शोधायला बारीकसारीक नोंदी लिहिणं) कुणीतरी चालू केलं होतं, ते तसंच राहिलं. डॉकरचा नेहमीचा लॉग ड्रायव्हर, म्हणजे लॉग लिहिणारा भाग, स्वतःहून फाइल कापत नाही, आणि 'सिस्टिम डीएफ' लॉग मोजतच नाही. हे मला फार खटकतं. जागा शोधायला माणूस जिथे पहिल्यांदा बघतो, तिथे हा आकडा दिसायलाच हवा.

ती फाइल 'आरएम' या डिलीटच्या कमांडनं उडवू नका. डॉकरनं ती उघडी धरलेली असते, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही. मी शेवटच्या हजार ओळी बाजूला काढल्या आणि 'ट्रंकेट'नं फाइल शून्यावर आणली. डेटाबेस लगेच लिहू लागला. मग डीमनच्या (डॉकरच्या मागे सतत चालणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग फाइलमध्ये लॉगला १० एमबीची मर्यादा घातली, जास्तीत जास्त ३ फाइल. ही सेटिंग जुन्या कंटेनरना लागू होत नाही. रीस्टार्ट पुरत नाही, ते नव्याने बनवावे लागतात. 'लोकल' नावाचा ड्रायव्हर वापरला तर तो मुळातच २० एमबीच्या ५ फाइलींवर थांबतो.

व्हॉल्यूमना मी शेवटपर्यंत हात लावला नाही. डॉकरच्या २३ व्या आवृत्तीपासून 'व्हॉल्यूम प्रून' फक्त बिननावाची काढतं, पण 'ए' जोडलं की नावाचीही जातात. कंटेनर काढून टाकलेला असेल, तर जिवंत डेटाबेसचं व्हॉल्यूमही 'न वापरलेलं' ठरतं. आमच्याकडे ६ जीबीचं असंच एक बेवारस दिसत होतं. एका छोट्या कंटेनरमध्ये ते फक्त वाचण्यापुरतं जोडून बघितलं, तर आत पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा. टीममधल्या सहकाऱ्याला विचारलं, "हे तुझं का रे?"

"अरे, थांब, ते उडवू नकोस! मायग्रेशनच्या आधीची ती एकच प्रत आहे."

बॅकअप झाल्यावर संध्याकाळी त्यानंच ते काढलं.