शब्दांच्या नादातली पुढची नोंद : 'फेल्ड'

'फील्ड'चा माग काढणं पावसाळ्यात सुरू केलं होतं, आता जरा लिहिण्याजोगं हाताशी आलंय.

'फील्ड'चं जुन्या इंग्रजीतलं रूप 'फेल्ड'. त्याचा नांगराशी फारसा संबंध नव्हता. रान नाही, नजर लांबवर पोचते, अशी मोकळी जमीन म्हणजे फेल्ड. कसलेल्या जमिनीला वेगळा शब्द होता, तोच आज मापाचा 'एकर' झालाय. (संस्कृतातला 'अज्र' त्याच्याच भावकीतला.) 'शेत' हा अर्थ फेल्डला पुढे चिकटला.

हे गावांच्या नावांत छान दिसतं. शेफील्ड म्हणजे शीफ नदीकाठचा मोकळा मुलूख. 1086 च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडमधल्या जमिनींची सरकारी नोंदवही) ते 'एस्काफेल्ड' असं नोंदलंय. शीफ या नावाचा अर्थ हद्द असा लावतात, आणि यॉर्कशर-डर्बीशरची जुनी शीव खरंच त्या नदीवरून जायची. नकाशात बघा, हडर्सफील्ड आणि मॅकल्सफील्डही पेनाइन डोंगरांच्या कडेलाच आहेत.

मुळाकडे गेलं की आपलं घर लागतं. ग्रिमच्या नियमाने, म्हणजे जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन यांचं कूळ) जुनी व्यंजनं ठरावीक रीतीने बदलली त्या नियमाने, 'प'चा 'फ' होतो, आणि फेल्डचं नातं संस्कृत 'पृथु'शी, म्हणजे रुंद, पसरलेलं याच्याशी जुळवतात. त्यातही 'पृथिवी'ची खरी जवळची बहीण म्हणजे जुन्या इंग्रजीतलाच 'फोल्डे', अर्थ जमीन, धरती. इंग्रजीने तो टाकून दिला, याची मला अजून हळहळ वाटते.

फिनिशमध्ये शेताला 'पेल्तो' म्हणतात, तो जर्मानिककडून फार पूर्वी उसना घेतलेला शब्द. त्यातला 'प' बघून हुरळू नका. फिनिशमध्ये तेव्हा 'फ' नव्हताच, म्हणून त्यांनी 'प' घातला. हा 'प' मूळ रूपाचा पुरावा ठरत नाही.

उत्तर इंग्लंडमधल्या डोंगरांना लागणारं 'फेल' मी यादीतून काढलंय. स्काफेल या डोंगराच्या नावातला तो शब्द नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या भाषेतला, जर्मन 'फेल्स' म्हणजे खडक याच्या गोतातला.

दक्षिण आफ्रिकेतला 'फेल्ट' मात्र 'फेल्ड'चाच भाऊबंद, आणि मजेदार आहे. लिहितात 'व्ही'ने, आफ्रिकान्समध्ये (तिथली डचमधून निघालेली भाषा) उच्चार 'फ'. हायफेल्ट गवताळ पठार आहे, हे जुन्या अर्थाला धरून झालं. पण बुशफेल्टमध्ये चक्क झाडंझुडपं! म्हणजे तिथे 'झाडी नसलेलं' हे मागे पडून नुसता मोकळा मुलूख उरला.

आता जर्मन 'फेल्डत्सूग', म्हणजे लष्करी मोहीम, आणि फील्डमार्शल यांच्याकडे वळतोय. बीलेफेल्ड, क्रेफेल्ड ही गावं त्यानंतर.