सिक्वेन्स मोठा की कलर?

दिग्रस तालुक्यातल्या आमच्या गावी पोळ्याच्या करीला पत्ते न पिसणारे घर शोधावे लागते. बैलांचे कौतुक आदल्या दिवशी होऊन गेलेले असते, निंदण-डवरणीला सुट्टी असते आणि काकांच्या गोठ्यामागच्या सपरीत सतरंजी अंथरून तीन पत्ती बसते. एखाद्या पोराला वेशीवर पोलिसांच्या जीपवर लक्ष ठेवायला उभे केलेले असते, कारण १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि ‘५२ ताशपत्ते व रोख रक्कम जप्त’ ही बातमी पोळ्याच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या गावाच्या नावाने छापून येतेच. आम्हा मुलांना पैशाला हात लावू देत नसत, म्हणून आम्ही चिचोक्यांवर खेळायचो. हे सारे आठवण्याचे कारण असे, की गेल्या महिन्यात लास व्हेगसच्या एका कॅसिनोत मी आयुष्यातली पहिली पोकर स्पर्धा खेळलो आणि तिथेही माझ्यासमोर ठेवले गेले ते एका अर्थाने चिचोकेच होते.

प्रवेशासाठी ६० डॉलर भरायचे होते. खिडकीवरच्या बाईंनी ओळखपत्र तपासले, कारण २१ वर्षांखालच्यांना तिथे बसता येत नाही, आणि पावती दिली. पावतीवर स्पष्ट लिहिले होते की ४५ डॉलर बक्षिसांच्या रकमेत जातील आणि १५ डॉलर कॅसिनोचे. म्हणजे नालच. आमच्याकडेही जागा आणि सतरंजी पुरवणारा नाल कापतोच. इथे ती आधीच कापून घेतात, एवढाच फरक. बदल्यात १०,००० आकड्याच्या चिप्स, म्हणजे खेळायच्या चकत्या, मिळाल्या, पण त्या खिडकीवर परत देऊन कोणी एक डॉलरही देत नाही. ज्याच्या चिप्स संपल्या तो उठतो आणि अखेरपर्यंत टिकलेल्यांना बक्षीस मिळते. त्या दिवशी आम्ही ३८ जण होतो आणि बक्षिसे पाच होती. त्यामुळे कितीही वाईट खेळलो तरी ६० डॉलरच्या वर एक पैसा जाणार नव्हता, ही गोष्ट आईला फोनवर सर्वांत आधी सांगायला हवी होती. मी ती सर्वांत शेवटी सांगितली.

खेळाचे नाव टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन बंद पत्ते मिळतात, मग मधोमध सर्वांसाठी म्हणून आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक पत्ता उघडतात, आणि या सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत भारी त्याचा डाव. टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन हे या खेळाचे जन्मगाव मानले. ते गाव कापसाच्या पट्ट्यातले आहे हे कळल्यावर मला उगाचच आपल्या माणसांत बसल्यासारखे वाटले.

ओळखीच्या शब्दांनी मात्र दगा दिला. आपल्या तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता केलेली चाल. इथे ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्यापूर्वी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम, आणि ती पाळी टेबलाभोवती फिरत राहते. सुरुवातीला ती १०० आणि २०० होती, म्हणजे एका फेरीला ३०० चिप्स. पण दर वीस मिनिटांनी ती वाढते, आणि दोन तासांनंतर तिने १,००० आणि २,००० चा टप्पा गाठला. चांगल्या पत्त्यांची वाट पाहत स्वस्थ बसलेल्या माणसालाही ती हळूहळू खाऊन टाकते.

पहिली चूक मी पंधराव्या मिनिटाला केली. हातात दोन राजे आले होते. मी काकांच्या थाटात, काहीही न बोलता, १,००० ची एक चिप पुढे सरकवली. डीलरने शांतपणे ८०० परत केले. तोंडाने ‘रेज’, म्हणजे रक्कम वाढवतो, असे न म्हणता एकच मोठी चिप टाकली, तर ती नुसती बरोबरी धरतात. पुढे एकदा मी चिप्स दोन हप्त्यांत पुढे केल्या, तेव्हा फक्त पहिला हप्ता मोजला गेला. आमच्या सपरीत अशा नाटकाशिवाय चाल पूर्णच होत नाही.

दीड तासाने तो डाव आला. माझ्याकडे बदाम नव्वी आणि चौकट अठ्ठी. मध्ये इस्पिक सत्ती, किलवर दश्शी, इस्पिक दुर्री. चौथा पत्ता बदाम गुलाम. सत्तीपासून गुलामापर्यंत सिक्वेन्स, म्हणजे ओळीने पाच पत्ते, लागला. शेवटी इस्पिक चौकी उघडली आणि लोकरी टोपी घातलेल्या समोरच्या आजींनी सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. कलर, म्हणजे पाचही पत्ते इस्पिकचे, असेल हे मला दिसत होते, पण कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा, हे मी लहानपणापासून चिचोके मोजत शिकलेलो. मी आनंदाने बरोबरी केली. आजींनी इस्पिक राजा आणि इस्पिक छक्की दाखवली. मी डाव ओढायला हात पुढे केला, तो डीलरने दोन बोटांनी हलकेच अडवला आणि सारा ढीग आजींकडे सरकवला. टेबलावर कोणी हसले नाही, ते अधिक लागले. उरलेल्या चार-पाच चिप्स पुढच्या दोन डावांत गेल्या आणि मी सतरावा बाहेर पडलो.

खोलीवर येऊन आकडेमोड केली. तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात. त्यांत शुद्ध, म्हणजे एकाच रंगाचा, सिक्वेन्स वगळता सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठा. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. सगळे उलटे. हा शोध मी मोठ्या उत्साहाने काकांना फोनवर सांगितला.

“ते त आहेच ना बे,” काका म्हणाले. “तीन पत्ते एका रंगाचे कोणालेबी येते, पाच याले नशीब लागते. नाल किती कापली?”

“साठातले पंधरा.”

“पंधरा? अन् चा?”

चहा नव्हता, कॉफी होती, आणि ती आणून देणाऱ्या मुलीला एक डॉलर बक्षिसी द्यावी लागली, असे मी सांगितले. काकांनी फोन काकूंच्या हातात दिला.