मार्गारेट लॉकवुड आणि तिचं वाईट वागणं

सोशिक नायिका मला फार वेळ सोसवत नाहीत. चाळीसच्या दशकातल्या ब्रिटिश नट्यांमध्ये मार्गारेट लॉकवुड मला सगळ्यांत जवळची वाटते, ती बहुधा त्यामुळेच. तिचा जन्म १९१६ चा, कराचीतला. वडील रेल्वेत होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. लहानपणीच ती इंग्लंडला गेली, त्यामुळे या नात्यावर फार हक्क सांगता येत नाही, पण मी सांगते!

बहुतेकांना ती हिचकॉकच्या 'द लेडी व्हॅनिशेस'मुळे (१९३८) माहीत असते. धावत्या गाडीतून एक म्हातारी गायब होते आणि 'अशी कुणी बाई नव्हतीच' असं सगळे हिला ऐकवतात. म्हातारीने डायनिंग कारच्या काचेवर बोटाने लिहिलेलं आपलं नाव हिला पुन्हा दिसतं, ती ओरडून दाखवायला जाते, तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरते आणि अक्षरं पुसली जातात. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा संताप जास्त आहे. तो संताप मला पुढच्या सगळ्या भूमिकांची नांदी वाटतो.

मग ती हॉलिवूडला गेली, दोन सिनेमे केले आणि परत आली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरी मजा गेन्सबरो स्टुडिओत. 'द मॅन इन ग्रे'मध्ये (१९४३) ती आजारी मैत्रिणीच्या खोलीत शिरते, शेकोटी विझवते, पांघरूण काढते आणि वादळी रात्रीत खिडकी सताड उघडते. मैत्रीण मरते. एवढ्या थंड डोक्याने केलेला खून मी पडद्यावर क्वचितच पाहिलाय.

त्यानंतर 'द विकेड लेडी' (१९४५). सतराव्या शतकातली सरदारीण बार्बरा स्केल्टन. जुगारात हरलेला आईचा ब्रोच परत मिळवायला ती पुरुषी वेशात बग्गी लुटते, आणि तिला त्याची चटकच लागते. गुपित कळलेल्या धार्मिक म्हाताऱ्या नोकराला आधी हळूहळू विष देते. तो चिवटपणे जगतोय म्हटल्यावर सरळ उशीने गुदमरवते. समीक्षकांनी नाकं मुरडली. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ८४ लाख तिकिटं खपल्याचा अंदाज आहे. युद्धाची सहा वर्षं कारखाना, रेशन आणि काटकसर सांभाळलेल्या बायकांना मनाला येईल तसं वागणारी कुणीतरी बघायची होती, असं मला वाटतं. अमेरिकी सेन्सॉरला मात्र खुनांपेक्षा पोशाखांचे खोल गळे खटकले आणि ते प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले. धन्य ती माणसं!

यानंतरची पडती वर्षं बघताना चीड येते. कथा कच्च्या, भूमिका बेताच्या, आणि गालावरचा तो प्रसिद्ध तीळ तेवढा जागच्या जागी.

अपवाद 'कास्ट अ डार्क शॅडो'चा (१९५५). यात डर्क बोगार्ड या नटाच्या पात्राने पैशांसाठी म्हातारी बायको मारलेली, आणि आता त्याच्या जाळ्यात फ्रेडा आलीय: एकेकाळची बारमेड, आता पैसेवाली विधवा. पण ही व्यवहाराला पक्की. मोठ्याने हसते, भडक कपडे घालते आणि बजावते, तू जेवढे पौंड टाकशील तेवढेच मी टाकीन. लॉकवुडने इथे सौंदर्य बाजूला ठेवून जो ठसका आणलाय, त्याला तोड नाही. बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन मिळालं, पण सिनेमा चालला नाही.

मोठ्या पडद्यावर ती पुढची वीसेक वर्षं दिसलीच नाही. रंगभूमी होती, सत्तरच्या दशकात 'जस्टिस' या टीव्ही मालिकेतली बॅरिस्टर होती. १९७६ ला 'द स्लिपर अँड द रोझ'मध्ये ती परतली, सिंड्रेलाच्या सावत्र आईच्या भूमिकेत. तो तिचा शेवटचा सिनेमा. सिंड्रेला कोण होती ते मला दरवेळी शोधावं लागतं.